न दिसणारी गोळी

सोलापुरात चादरीची पारख असलेला माणूस नक्षीकडे आधी बघत नाही. घडी उलटतो, मागची वीण बघतो, किनारीवरून अंगठा फिरवतो, आणि मग नक्षीबद्दल काय ते बोलतो. काडतुसाकडेही असंच बघावं. आधी बूड, मग तोंड, आणि गोळीचं कौतुक सगळ्यात शेवटी. मी ज्या काडतुसाबद्दल लिहितो आहे त्याच्या बाबतीत तर दुसरा मार्गच नाही, कारण त्याची गोळी बाहेर डोकावतच नाही. पितळेची सरळ पुंगळी, तिच्या तोंडाशी शिशाची सपाट चकती, आणि बस्स. चित्रपटांनी आपल्या डोक्यात बसवलेला तो टोकदार, चकचकीत दिमाख इथे औषधालाही सापडत नाही.

याचं नाव पॉइंट थर्टी-टू स्मिथ अँड वेसन लाँग. १८९६ साली रिव्हॉल्व्हरसाठी निघालेलं, तेव्हाही मवाळच समजलं जाणारं काडतूस. पुढे त्याची खरी कारकीर्द नेमबाजीच्या रेंजवर झाली. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल या प्रकारात नियमांना ७.६२ पासून ९.६५ मिलिमीटरपर्यंतचं कोणतंही कॅलिबर चालतं. म्हणजे दांडगं काडतूस वापरायला कोणाची ना नाही. तरी वरच्या दर्जाचे नेमबाज वर्षानुवर्षं हे लहानखुरं काडतूसच पसंत करत आले. मराठी वाचकाला हा प्रकार परका वाटायचं कारण नाही. १९९० च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत मुंबईच्या अशोक पंडित यांनी सुवर्ण मिळवलं ते याच प्रकारात, आणि चार वर्षांनी व्हिक्टोरियात जसपाल राणांच्या जोडीने सांघिक सुवर्ण मिळवलं तेही यातच. राणांनी २००६ साली दोहाच्या आशियाई स्पर्धेत अंगात ताप असताना ६०० पैकी ५९० गुण करून विश्वविक्रमाशी बरोबरी केली, तीही इथेच.

आता बूड. पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. कडेला बाहेर आलेली किनार, मधोमध दारू पेटवणाऱ्या प्राइमरची वाटी, भोवती कारखान्याची अक्षरं. आपल्याकडच्या जुन्या पुंगळ्यांवर 'केएफ' दिसलं की समजावं, ही खडकीची. पुण्याजवळचा हा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलच्या पुंगळीतली प्राइमरची रिकामी वाटी तपासली तर तळाशी दोन बारीक भोकं आणि मध्ये पितळेचाच उंचवटा दिसतो. ही बर्डन पद्धत. आपल्या .३२ च्या पुंगळीत मात्र मधोमध एकच भोक असतं. ही बॉक्सर पद्धत. बर्डन अमेरिकन, बॉक्सर इंग्रज, दोघांच्या कल्पना १८६६ च्या सुमाराच्या. गंमत अशी की अमेरिकेने इंग्रजाची पद्धत उचलली आणि ब्रिटिश लष्कराच्या काडतुसात अमेरिकनाची रुजली. वापरलेली पुंगळी पुन्हा भरण्याची, म्हणजे पुनर्भरणाची, सगळी कला त्या एका मधल्या भोकावर उभी आहे. वरून सुई घातली की जळका प्राइमर टपकन खाली पडतो आणि पुंगळी पुन्हा कामाला तयार. बर्डनच्या दोन भोकांतून सुई जात नाही, म्हणून ती पुंगळी सहसा भंगारात जाते.

मग पुंगळी साच्यात जाते. बार उडताना ती पिस्तुलाच्या चेंबरच्या मापाला फुगलेली असते, तिला दाबून पुन्हा मूळ मापावर आणतात. साच्यात टंगस्टन कार्बाइडचं कडं असेल तर तेलही लावावं लागत नाही. दर वेळी दाबणं, फुगणं, दाबणं यात पितळ कडक होत जातं आणि शेवटी तोंडाशी केसासारखी चीर पडते. पण या काडतुसातला दाब इतका सौम्य की ती वेळ फार उशिरा येते. नवा प्राइमर बसवताना तो बुडाच्या पातळीपेक्षा जरासा आतच हवा. भरण्याच्या यंत्राच्या दांड्यावर हात ठेवणाऱ्याला ते बोटांत कळतं, आणि नाही कळलं तर त्याने हा उद्योग करू नये.

पुढे दारू. रसिकता आणि भीती इथे एकाच ताटात जेवतात. वजन ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, सराफाच्या गुंजेच्या निम्म्याहून थोडा जास्त. तराजू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत बोलतो. या काडतुसाची धूरविरहित दारू इतकी थोडी लागते की पुंगळीच्या पोटात ती तळाशी चिमूटभर दिसते. वर भरपूर मोकळी जागा राहते, आणि धोका त्या मोकळ्या जागेतच दडलेला आहे. चुकून दोनदा दारू पडली तरी ती आत मावते. बाहेरून काडतूस हुबेहूब तसंच दिसतं, पिस्तूल मात्र फाटू शकतं. उलट दारू पडलीच नाही तर नुसता प्राइमर गोळीला पिस्तुलाच्या नळीत ढकलतो आणि ती तिथेच अडकते. आवाज होतो, पण पिचका. फुसका बार म्हणून आपण ज्याची थट्टा करतो तो इथे थट्टेचा विषय नाही. त्यामागून दुसरा बार काढला की नळी गेली, आणि नशीब खराब असेल तर बोटंही. म्हणून जाणकार गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत उजेड पाडून डोकावतो. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. ओळीने उभ्या पन्नास पुंगळ्यांत दारूची पातळी एकसारखी दिसली की जो निवांतपणा वाटतो, तो या छंदातला सर्वांत मोठा रस असावा असं मला वाटतं. प्रमाण मात्र छापील कोष्टकातलंच. तिथे कल्पकता दाखवणाऱ्याला उस्ताद म्हणत नाहीत.

आपल्या हवेचंही यात देणंघेणं आहे. सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो. तापलेली दारू जरा जोरात जळते, दाब आणि वेग दोन्ही चढतात. बंद गाडीत उन्हात राहिलेला डबा आणि सावलीतला डबा यांची काडतुसं तीच असली तरी ती एकसारखी राहत नाहीत. कोरड्या हवेत प्लास्टिकच्या नरसाळ्यावर स्थिर विजेमुळे दारूचे कण चिकटून बसतात आणि तेवढं माप चुकतं. कोकणातल्या माणसाला हे सुचणारही नाही. त्याची चिंता दमटपणाची.

शेवटी गोळी. हिला वॉडकटर म्हणतात. शंभर ग्रेनच्या आसपास, म्हणजे साडेसहा ग्रॅम मऊ शिसं, आकाराने सरळ दंडगोल, तोंड सपाट, अंगावर वंगणाच्या खाचा. हिच्या काही जाती बुडाशी पोकळ असतात. वायूचा दाब त्या पोकळीत शिरून शिशाची कड बाहेर रेटतो, आणि ती नळीतल्या आट्यांना घट्ट धरते. वजन पुढे, घेर मागे. पुंगळीचं तोंड आधी किंचित उमलवायचं, म्हणजे मऊ शिसं खरवडलं जात नाही. मग गोळी पूर्ण आत दाबायची, तोंडाशी समपातळीत, आणि उमललेली कड पुन्हा मिटून घ्यायची. गोळी जरुरीपेक्षा आत गेली तर मोकळी जागा घटते आणि दाब भलताच वाढतो. त्यामुळे ही समपातळी केवळ देखणेपणासाठी नाही, हिशेबासाठी आहे. या काडतुसात शोभेसाठी म्हणून काहीच नाही, आणि माझ्या मते हीच त्याची शोभा.

सपाट तोंडाचं कारण कागदावर कळतं. गोल टोकाची गोळी कागद फाडत जाते, भोकाच्या कडा आत वळतात, आणि रेषेला स्पर्श झाला की नाही यावर पंचांत चर्चा रंगते. नेमबाजीत रेषेला शिवलं तरी वरचा गुण मिळतो, त्यामुळे ही चर्चा पदकापर्यंत जाते. वॉडकटर कागदातून गोल चकती कापून काढते. आठ मिलिमीटरचं स्वच्छ भोक. सेंटर फायरच्या पहिल्या, अचूकता फेरीच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं, आतलं दहा २५ चं. त्यावर अशी पाच भोकं एकमेकांत मिसळलेली पाहिली की गुण मोजण्याआधी माणूस क्षणभर नुसता बघत राहतो.

पण या काडतुसाचा खरा गुण त्याच्या दुबळेपणात आहे. सेकंदाला साधारण सव्वादोनशे ते अडीचशे मीटर, आवाजाच्या वेगाच्या बरंच खाली. हाताला बसणारा धक्का हलका. सेंटर फायरच्या दुसऱ्या फेरीत लक्ष्य तीन सेकंद दिसतं, सात सेकंद लपतं. हात ४५ अंशांवर खाली, लक्ष्य वळलं की वर, एक गोळी, पुन्हा खाली. असं तीस वेळा, एका हाताने. या लयीत दणका जितका कमी तितकं मनगट शहाणं राहतं. दुसऱ्या एका स्पर्धाप्रकारात, धावतपळत होणाऱ्या आयपीएससीमध्ये, उलटा न्याय आहे. तिथे गोळीचं वजन ग्रेनमध्ये आणि वेग सेकंदाला फुटांत घेऊन गुणाकार करतात, हजाराने भागतात, आणि तो आकडा किमान १२५ भरावाच लागतो. १४७ ग्रेनची गोळी ९०० फुटांनी गेली की १३२ होतात, म्हणजे पास. तिथला भरणारा उंबऱ्याच्या किंचित वर राहायची कसरत करतो. आपल्या .३२ वाल्याला खालचा उंबरा नाही. तो किती कमी दारूत काम सुंदर होतं ते शोधत खाली खाली उतरतो, आणि पिस्तुलाची यंत्रणा अडखळायला लागली की एक पायरी वर येतो. दिवाळीतल्या सुतळी बॉम्बवर वाढलेल्या आपल्या कानांना ही रुची शिकावी लागते. उडालेल्या पुंगळीच्या अंगावर काजळीचा पट्टा दिसला तर नवखा माणूस नाक मुरडतो. जाणत्याला त्यातून कळतं की दाब इतका कमी होता की पितळ चेंबरला पूर्ण चिकटलंच नाही. प्राइमर चेपून सपाट झाला असेल तर मात्र तोच जाणता गप्प होऊन डबा बाजूला ठेवतो.

आता अडचणीची गोष्ट. अमेरिकेत गॅरेजमधल्या टेबलावर प्रेस बसवून लोक हे राजरोस करतात. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र अधिनियम 'दारूगोळा' या संज्ञेत काडतुसाच्या बरोबर त्याचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही धरतो, आणि निर्मितीला परवाना सांगतो. कायद्याने काडतुसाचं वाचन माझ्याइतकंच बारकाईने केलं आहे म्हणायचं. त्यामुळे आपल्या नेमबाजाचा रस भरण्यापेक्षा पारखण्यात मुरला. शिवाय सेंटर फायर ऑलिंपिकमध्ये नाही. पदकांची वाट पॉइंट टू-टूवरून जाते, आणि ते काडतूस पुन्हा भरताच येत नाही. त्याचं स्फोटक मिश्रण बुडाच्या पातळ कडेत फिरवून भरलेलं असतं. पिस्तुलाची सुई कड चेचते आणि पुंगळीचं आयुष्य तिथेच संपतं.

कोल्हापूरच्या नेमबाज राही सरनोबतचं पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण याच एकदाच जगणाऱ्या काडतुसाचं. २२ ऑगस्ट २०१८. पात्रता फेरीत ५८० गुणांसह सातवी, अंतिम फेरीत थायलंडच्या नफस्वान यांगपाइबूनशी ३४-३४ बरोबरी, पहिल्या शूट-ऑफमध्ये ४-४, दुसऱ्यात ३-२. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. अशा ३-२ च्या ठिकाणी काडतुसाने दगा दिला नाही, एवढंच त्याचं श्रेय. पण ते श्रेय विकत घ्यायला लोक कुठल्या कुठे जातात. टू-टूवाले आपली नळी घेऊन बर्मिंगहॅमला इलेच्या किंवा जर्मनीत शोनेबेकला लापुआच्या चाचणी केंद्रात पोचतात. तिथे नळी पकडीत घट्ट बसवून एकामागून एक लॉट झाडून बघतात, आणि जो लॉट त्या नळीला मानवतो त्याचे खोके भरून आणतात. दोन लॉटची पेटी, लेबल, किंमत सगळं सारखं, फरक फक्त कागदावरच्या भोकांच्या पुंजक्यात. .३२ वाल्याला जे हाताने करता येतं ते टू-टूवाला निवडून मिळवतो.

   

वॉडकटरचे दोषही सांगितले पाहिजेत. २५ मीटरच्या पुढे हिची मर्जी भरवशाची नाही. सपाट तोंडावर हवा आदळते, वेग पडतो, पन्नास मीटरवर ती डगमगू लागते. मऊ शिसं नळीत साचतं, साफसफाई वाढते. सेल्फ-लोडिंग पिस्तुलात सपाट तोंड आत सरकायला कुरकुरतं, म्हणून त्यांची मॅगझिन खास घडवावी लागतात. आणि आता मोठ्या स्पर्धांत कागदच उरलेला नाही. इलेक्ट्रॉनिक लक्ष्य गोळी कुठून गेली ते आवाजाच्या लहरींवरून किंवा प्रकाशाच्या जाळीवरून मोजतं आणि पडद्यावर ठिपका टाकतं. स्वच्छ भोक कापणं, ज्यासाठी हे सपाट तोंड जन्माला आलं, त्याची तिथे कोणाला गरज नाही. तरी सेंटर फायरचे नेमबाज वॉडकटर सोडायला तयार नाहीत, कारण २५ मीटरवर इतक्या थोड्या दणक्यात इतका घट्ट पुंजका देणारं दुसरं काही त्यांच्या हाताला अजून पटलेलं नाही.