अष्टागराची सायक्लोक्रॉस

चौलच्या माझ्या एका मित्राने नव्वदच्या दशकातली आपली माउंटन बाइक घरच्या घरी सायक्लोक्रॉसच्या कामाला लावली आहे. लांबून ती विजोड दिसते. फ्रेम बुटकी, चाकं लहान, आणि त्यावर रेसरचं मेंढ्याच्या शिंगांसारखं हँडल. जवळ बसून एकेक भाग पाहिला की कळतं, हिच्यात मनाला येईल तसं काही केलेलं नाही. काय बदलायचं हे पुष्कळांना सुचतं. काय तसंच ठेवायचं हे ज्याला कळलं, त्याच्या हातची ही सायकल आहे.

सायक्लोक्रॉस हा मूळचा युरोपातल्या हिवाळ्याचा खेळ. फ्रान्समध्ये १९०२ साली त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९१० ची टूर दी फ्रान्स जिंकणाऱ्या ओक्ताव्ह लापिझने आपल्या तयारीचं श्रेय या खेळाला दिलं, तेव्हा रस्त्यावरचे शर्यतपटूही तिकडे वळले. चिखल, गवत, वाळू, चढ, आणि वाटेत मुद्दाम रोवलेल्या फळ्या, जास्तीत जास्त ४० सेंटिमीटर उंच. फळी आली की चालत्या सायकलवरून उतरायचं, सायकल उचलून पलीकडे जायचं आणि धावता धावता पुन्हा सीटवर. चौलच्या या अष्टागरात अशा फळ्या रोवायला नकोत. वाडीवाडीला गडगा आहे, पाखाडीच्या पायऱ्या आहेत, खाडीच्या अंगाला गेलात तर खारबांध आणि त्यावरच्या उघाड्या आहेत. चौलच्या दत्ताच्या डोंगराला तर पायऱ्याच पायऱ्या. पावसाळ्यात बांधावरची माती टायरला अशी धरते की चाक फिरेनासं होतं. हा खेळ या मुलखाला लावून घ्यावा लागत नाही. हवी फक्त सायकल.

आता तिचे ब्रेक पाहा, कारण सगळी कारागिरी तिथे आहे. त्या काळच्या माउंटन बाइकना कँटिलिव्हर ब्रेक असत: रिमच्या दोन्ही बाजूंना एकेक आखूड हात, दोघांना जोडणारी आडवी तार, आणि ती मधोमध वर ओढणारी मुख्य केबल. १९९६ च्या आसपास लांब हातांचे व्ही-ब्रेक आले आणि कँटिलिव्हर जुनाट ठरले. सायकल ‘सुधारायला’ निघालेला माणूस पहिल्यांदा तेच काढून टाकेल. मित्राने काढले नाहीत. रेसरच्या हँडलवरचा ब्रेकचा दांडा केबल थोडीच ओढतो. व्ही-ब्रेकला जवळजवळ दुप्पट ओढ लागते. अशी जोडी लावली तर ब्रेकचे रबर रिमला जवळजवळ टेकवून ठेवावे लागतात, आणि चाकाला जरा आउट आला किंवा चिखल चढला की घासायला लागतात. कँटिलिव्हरला मात्र ती थोडी ओढ पुरते. शिवाय टायरच्या डोक्यावर चिखलाला वाट मोकळी राहते. याच कारणाने सायक्लोक्रॉसवाल्यांनी हे ब्रेक कित्येक वर्षं सोडले नव्हते.

आडवी तार त्याने थोडी आखूड केली आहे, म्हणजे तिचा मधला जोड खाली आला आणि त्याच बोटांच्या जोरात पकड वाढली. ब्रेकसाठी बदलल्या त्या फक्त रिम. मूळच्या क्रोम केलेल्या लोखंडी रिम ओल्या झाल्या की ब्रेक नुसते सरकतात. त्या जागी ॲल्युमिनियमच्या, ३६ आऱ्यांच्या. सायकलभरच्या खर्चात सर्वांत शहाणा खर्च मला हाच वाटतो.

रिम बदलली, पण माप २६ इंचीच राहिलं. हौशी लोक इथे चुकतात. रेसरच्या चाकाचा रिमवरचा व्यास ६२२ मिलिमीटर, माउंटन बाइकच्या चाकाचा ५५९. मोठं चाक बसवलं तर रिमची कड ३१.५ मिलिमीटर वर जाते आणि चिमट्यावरच्या खुंट्यांना लावलेले ब्रेक तिथे पोचतच नाहीत. लहान चाक ठेवल्याने ब्रेक वाचले, आणि गावच्या दुकानात मिळणारी ट्यूबही चालते. टायर मात्र बारीक केला, २.१ इंचाच्या जागी दीड इंची, म्हणजे सुमारे ३८ मिलिमीटर. शर्यतीचा नियम ३३ मिलिमीटरपर्यंतच परवानगी देतो. मित्राला शर्यत लावायची नाही, आक्षी-नागावची पुळण पार करायची आहे. बेल्जियमच्या कोकसाइडेला समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांतच हा खेळ होतो, २०१२ ची जागतिक स्पर्धाही तिथेच झाली. पण आपल्याकडे ओहोटीची सोय आहे. पाणी मागे गेलं की काठालगतची ओली वाळू घट्ट बसते, तिथून ३८ चा टायर सुखाने जातो. सुरूच्या बनाजवळची कोरडी वाळू आली की उतरून चालणंच बरं.

हँडलबद्दल थोडक्यात. माउंटन बाइकच्या फ्रेमचा दांडा सरळ हँडलचा हिशेब धरून लांब केलेला असतो. त्यावर पुढे झुकणारं हँडल लावलं तर हात ताणतात, म्हणून स्टेम आखूड आणि उंच घेतला आहे. गिअरचं जुनं बटण या जाड हँडलवर बसत नाही. त्याऐवजी हँडलच्या टोकाला खोचलेला एक खटका, तोही टिकटिक न करणारा, हाताच्या अंदाजाने लावायचा. पुढच्या तीन चकत्यांपैकी दोन रिव्हेट घासून काढल्या, मधली ३८ दात्यांची ठेवली. मागे मूळचाच १४ ते २८ चा फ्रीव्हील. पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल हलक्या गिअरला २.७ मीटर जाते, जडला ५.४. बांधाला आणि सपाट रस्त्याला एवढं पुरेसं आहे.

चिमटाही मूळचाच, लोखंडी, शॉकॲब्सॉर्बरशिवायचा. खाऱ्या हवेत शॉकच्या नळ्यांवर आधी डाग पडतात, मग सील जातात. इथे तो प्रश्नच नाही. सीटची नळी मात्र तो दर पावसाळ्याआधी उपसून ग्रीस लावून परत बसवतो, नाहीतर ती फ्रेममध्ये कायमची धरेल. पुळणीवरून आल्यावर आधी गोडं पाणी, मग तेल. क्रम चुकला तर मीठ तेलाखाली राहून चेन खातं.

कॅलिफोर्नियातल्या पाइन माउंटनवरून १९७६ मध्ये ‘रिपॅक’च्या उताराच्या शर्यती लागल्या, तेव्हा तिथले पोरगेही जाड टायरच्या जुन्यापान्या सायकली ठोकून-जुळवूनच आले होते. माउंटन बाइक जन्मली तीच अशा जुळवाजुळवीतून. मित्राने केलेलं काम म्हणजे तिच्या मूळ स्वभावाशी इमान राखणं आहे.

एक उणीव मला खटकते आणि ती मी त्याला सांगितली आहे. दांडा मागे उतरता असल्याने फ्रेमचा त्रिकोण लहान आहे. खांदा आत घालायला अडचण होते. दांड्याच्या खालच्या अंगाचा निळा रंग सीटजवळ वीतभर झिजून लोखंड उघडं पडलंय, आणि मागच्या ब्रेकची केबल नेमकी तिथूनच जाते. दत्ताच्या पायऱ्या चढताना ती खांद्यात रुतते आणि ब्रेक अर्धवट दाबला जातो. सायक्लोक्रॉसच्या सायकलींना केबल दांड्याच्या वरून नेत असत, ते याचसाठी. त्रिकोण मोठा करता येणार नाही, केबल वर नेता येईल. रेवदंड्याच्या वेल्डरकडून दांड्याच्या माथ्यावर तीन कड्या लावून घ्यायचं ठरलंय. उघड्या पडलेल्या लोखंडावर प्रायमरचा हातही त्याच दिवशी मारून घे, एवढं मी त्याला बजावलं आहे.