नरसाळ्यातली मिरची

एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराने ऑगस्ट १९३० मध्ये कॅलिफोर्नियात काढलेले ‘पेपर नंबर ३०’ हे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी कुठे ना कुठे पाहिले असेल. एक ढोबळी मिरची आणि मागे जवळजवळ काळोख. त्यावर लिहिणारे बहुतेक जण एकच गोष्ट सांगतात : ही मिरची माणसाच्या पाठीसारखी, दंडासारखी दिसते. दिसते खरी. पण तेवढे म्हणून टीकाकार थांबला, तर चित्र पाहायचे राहूनच जाते. ढगात हत्ती दिसला म्हणून ढग कळला असे होत नाही.

विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. कागद सपाट असताना मिरची इतकी भरीव का दिसते?

वेस्टनने आधी मलमलीच्या कापडापुढे आणि पांढऱ्या पुठ्ठ्यापुढे मिरच्या ठेवून पाहिल्या होत्या. त्यात काळ्या-पांढऱ्याचा विरोध फार कडक येई. मग त्याने पत्र्याचे एक नरसाळे आडवे केले आणि मिरची त्याच्या तोंडात बसवली. सारी करामत या नरसाळ्याची आहे. एकाच बाजूने प्रकाश आला, तर गोल वस्तूची पलीकडची बाजू काळी पडते आणि काळ्या पार्श्वभूमीत विरघळते. नरसाळ्यात मात्र वळलेला पत्रा मिरचीला जवळून वेढून असतो. मिरचीला चुकवून आत गेलेला प्रकाश त्यावरून परततो आणि सावलीतल्या कडेवर अंधूक उजेड पाडतो. चित्रातली ही उजळ कड बोटाने झाकून पाहा, मिरची लगेच चपटी वाटू लागेल. शिवाय साधा पत्रा आरशाइतका गुळगुळीत नसतो, त्यामुळे परत आलेला प्रकाश विखुरलेला असतो. ग्रहणाच्या पाठात आपण प्रच्छाया आणि उपच्छाया शिकवतो. प्रकाश देणारा पृष्ठभाग वस्तूच्या मानाने मोठा असला की उपच्छाया रुंद होते, सावलीची कड मऊ पडते. इथे तेच घडले आहे.

प्रकाशनाला सहा मिनिटे लागल्याची नोंद वेस्टनच्या दैनंदिनीत आहे. मिरची हलत नाही, हा स्थिरचित्राचा मोठाच फायदा!

चित्रात उणिवाही आहेत. मिरची किती मोठी, ते कळायला काही साधन नाही. रंग नाही. वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकाने ही आकृती म्हणून स्वीकारू नये. माणसाच्या शरीराचा भास होतो, तो बराचसा या मापाच्या अभावामुळेच, असे मला वाटते. शेजारी एखादी काडेपेटी असती, तर निम्मी टीका लिहिलीच गेली नसती.

आता आपल्या शाळेतल्या प्रदर्शनाकडे येऊ. मुले वाटी, कांदा, पेला यांची छायाचित्रे आणतात. बहुधा एका विजेरीच्या किंवा मोबाइलच्या दिव्यावर काढलेली. परीक्षक शेरा देतात, ‘छान प्रयत्न’ किंवा ‘प्रकाश कमी’. पहिल्या शेऱ्यातून मुलाला काहीच मिळत नाही. दुसरा बहुतेक वेळा चुकीचा असतो, कारण प्रकाश पुरेसा असतो, तो फक्त एकाच दिशेने आलेला असतो. ‘प्रकाश कमी’ वाचून मूल आणखी एक दिवा लावते. मग दोन सावल्या पडतात आणि चित्र अधिकच बिघडते. त्याऐवजी ‘कांद्याची डावी कड मला बोटाने दाखव’ असे सांगावे. ती सापडली नाही, की काय कमी आहे ते मुलाचे मुलालाच कळते. मग सावलीच्या बाजूला वहीचा कोरा कागद उभा धरायला सांगावे आणि तो हळूहळू जवळ आणायला लावावा.

कागदाऐवजी स्टीलचा डबा ठेवला, तर कांद्याच्या सालीवर तीक्ष्ण चकाकत्या रेघा उमटतात. चुरगळून परत उलगडलेल्या चांदीच्या कागदाने त्या तुटून पसरतात. कागद, डबा आणि चांदीचा कागद, अशी तीन छायाचित्रे शेजारी-शेजारी लावून मुलांना फरक लिहायला सांगावा, आणि परीक्षकांनी आपला शेरा तो वाचल्यावर द्यावा.