‘उचल्या’तील शाळा आणि अध्यापक शिक्षण

लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनास १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. समीक्षेने त्याकडे प्रामुख्याने जमातीच्या वेदनेचा दस्तऐवज म्हणून पाहिले. ते शाळेविषयीचेही पुस्तक आहे, ही बाजू मात्र उपेक्षित राहिली.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का बसलेल्या समाजातील हा मुलगा आहे. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का पुसला गेला नाही. घरात भूक, दारात पोलीस आणि शाळेत गेल्याबद्दल जमातीचाच रोष, अशा स्थितीत तो शिकतो. येथे दारिद्र्य म्हणजे केवळ उत्पन्नाचा नव्हे, तर प्रतिष्ठेचाही अभाव होय.

एम.एड.च्या प्रबंधिकांतून ‘सामाजिक-आर्थिक स्तर’ व ‘शैक्षणिक संपादन’ यांचा सहसंबंध वारंवार काढला जातो. गुणांक संबंध किती आहे हे सांगतो. तो कसा घडतो हे ‘उचल्या’ सांगते. तथापि या पुस्तकाची एक मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. निवेदक लिहिण्याइतका शिकला. जे त्याआधीच गळाले, त्यांची कहाणी अलिखितच राहिली. म्हणून त्यातून केवळ जिद्दीचा बोध काढणे अन्यायाचे ठरेल.

एन.सी.टी.ई.च्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले व क्षेत्रकार्यास २० आठवडे दिले. त्यांत पाठटाचणाइतकेच महत्त्व गैरहजर विद्यार्थ्याच्या गृहभेटीस मिळावयास हवे. ते घर न पाहताच ‘अप्रगत’ हा शेरा लिहिणारा शिक्षक प्रशिक्षित कसा म्हणावा?