वाघाची हद्द आणि सातबारा नसलेला माणूस

मराठीतील अरण्यलेखनाची चर्चा आजवर प्रामुख्याने सौंदर्याच्या अंगाने झाली. पाखरांची नावे किती आली, ऋतू कसा उतरला, भाषा किती तरल आहे, हे समीक्षकांनी मोजले. हे रान कोणाच्या मालकीचे, त्यात कोण पाहुणा म्हणून जातो आणि कोण गुन्हेगार ठरतो, हा प्रश्न त्यांना फारसा पडला नाही. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या जमीन होती त्यांना तो पडण्याचे कारणही नव्हते. म्हणून तो आपल्याला विचारावा लागतो.

व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' घ्या. 1983 साली या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळ्या, त्यांच्या हद्दी, नरांच्या झुंजी हे सारे माडगूळकर गहिवर न आणता सांगतात. ही तिची ताकद मी मान्य करतो. हद्द म्हणजे अन्न, हद्द म्हणजे पिलांचे जगणे, हे वाचकाला पटते. पण हाच वाचक भूमिहीनाने गायरानात वाहिलेल्या दोन एकरांना 'अतिक्रमण' म्हणतो. वानराची हद्द त्याला निसर्गनियम वाटते. माणसाची हद्द तलाठ्याच्या दप्तरात नसेल तर गुन्हा वाटते. हा दोष कादंबरीचा नव्हे, वाचकाला ही विसंगती न दाखवणाऱ्या समीक्षेचा आहे. मारुती चितमपल्लींनी आदिवासींकडून रानाचे ज्ञान घेतले आणि ते ऋण लपवले नाही. समीक्षेने मात्र ज्ञानाचे कौतुक केले आणि ज्ञान देणाऱ्याच्या पोटाची चौकशी केली नाही.

हा केवळ वाङ्मयीन प्रश्न असता तर मी एवढे लिहिले नसते. वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या आंजी (मोठी)च्या परिसरात उभे राहून पाहिले की त्याचा अर्थ कळतो. धाम नदीचा काठ, कापूस, तूर, सोयाबीन आणि ईशान्येला सेलू तालुक्यात बोरचे रान. 1970 साली ते अभयारण्य झाले, 2014 साली व्याघ्रप्रकल्प. तेव्हा त्याचे क्षेत्र होते सुमारे 138 चौरस किलोमीटर, देशातल्या व्याघ्रप्रकल्पांत सर्वात लहान. एवढ्या जागेत वाघाची वाढती पिढी मावत नाही. वयात आलेला नर आईचे रान सोडतो आणि नवी हद्द शोधत निघतो. पेंच, मेळघाट, उमरेड-कऱ्हांडला यांना बोरशी जोडणाऱ्या वाटा नाल्यांतून, झुडपी जंगलातून, गायरानांतून आणि उभ्या पिकांतून जातात. म्हणजे जी जमीन कोणाचीच नाही असे सरकार समजते, तीच वाघाची वाट आणि तीच भूमिहीनाचा आधार.

ही वाट कोणी तोडली? बोरचा 'बाजीराव' वाघ डिसेंबर 2017 मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर वाहनाच्या धडकेने मेला. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून गेला. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला. प्राण्यांना ओलांडता यावे म्हणून त्यावर वरून आणि खालून वाटा बांधल्या, हे चांगलेच झाले. पण धरण, महामार्ग, ले-आउट यांनी जमिनीचा चेहरा बदलला तेव्हा त्याला 'विकास' म्हटले गेले. सरपणाची मोळी आणणारी बाई मात्र 'वनाचा ऱ्हास' ठरली.

कागदाची गोष्ट पाहा. 2006 च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवायला सांगितला, ते योग्यच. आदिवासी नसलेल्या वननिवासींना मात्र त्या तारखेपूर्वीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. हिशेब 1930 पर्यंत मागे जातो. त्याच वर्षी नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात आपली माणसे मार खात होती. ज्यांना देवळात पाऊल ठेवता येत नव्हते, त्यांच्या पावलांची नोंद रानात कोणी ठेवली असेल? 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातले झुडपी जंगल हे वनच असल्याचा निर्णय दिला. 12 डिसेंबर 1996 पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने वाटलेल्या जागांसाठी त्यात वाट ठेवली आहे. पण ज्याला कोणत्याही अधिकाऱ्याने कधी काही वाटलेच नाही, त्याने काय दाखवावे? रोही आणि रानडुकरे एका रात्रीत पीक लोळवतात. भरपाईच्या अर्जाला सातबारा लागतो. जागलीला बसलेला ठेकेकरी रात्रभर जागतो आणि भरपाई मालकाच्या नावावर निघते.

वाघ नको असे मी म्हणत नाही. महाडला 1927 साली आपला लढा जनावरांच्या विरुद्ध नव्हता. जनावरांना पाणी पिऊ देणारी आणि माणसाला अडवणारी व्यवस्था आपण नाकारली. आजही तेवढेच म्हणायचे आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964-65 साली भूमिहीनांनी जमिनीसाठी तुरुंग भरले. ती मागणी पुरी झाली असती तर आज रानाच्या कडेला हक्काची शेती असलेला माणूस असता, आणि रान राखण्यात त्याचा स्वार्थ असता. ज्याला केव्हाही हुसकावता येते, त्याने उद्याच्या रानाची काळजी कशी करावी?

आपल्या साहित्यालाही मी सोडणार नाही. आपण वस्ती लिहिली, झोपडपट्टी लिहिली, गावकूस लिहिले. वाहरू सोनवणे, भुजंग मेश्राम यांच्या आदिवासी कवितेने रान बोलते केले. दलित कथेने मात्र रान फारसे आपले मानले नाही. मचाणावर जागणारा, मोहफुले वेचणारी, वाघाचा माग दिसल्यावरही पोटासाठी निंदणाला जाणारी ही आपलीच माणसे आहेत. त्यांना रानाची भीती आहे, माहिती आहे आणि त्यावर हक्कही आहे. हे तिन्ही एकत्र ज्या लेखनात येईल तेच खरे अरण्यलेखन, आणि ते आपल्याच लेखकांनी लिहिले पाहिजे.