‘भूऔष्णिक’ ही संज्ञा आणि उष्णतेचा उपसा

घर उबदार राखणाऱ्या ज्या यंत्रास अमेरिकेत ‘जिओथर्मल हीट पंप’ म्हणतात, त्याचे ‘भूऔष्णिक उष्णतापंप’ हे मराठी रूपांतर शब्दशः बरोबर असूनही अर्थदृष्ट्या सदोष आहे. ‘भूऔष्णिक’ म्हणताच मराठी वाचकापुढे वज्रेश्वरीची उष्ण कुंडे उभी राहतात. वस्तुतः स्वीडनमधील घरमालक अंगणात शंभर-दोनशे मीटर खोल छिद्र घेतो, तेथील खडक बहुधा दहा अंश सेल्सियसहूनही थंड असतो. आणि जमिनीच्या वरच्या थरातील ऊब ही बव्हंशी सूर्याचीच ठेव होय.

स्वीडिश भाषा या बाबतीत अधिक काटेकोर आहे. खडकातील छिद्रातून मिळते ती ‘बेर्यवेर्मे’, मातीत आडव्या पुरलेल्या नळ्यांतून मिळते ती ‘यूर्दवेर्मे’. अंगण ऐसपैस असेल तर दुसरी, नसेल तर पहिली, इतका निर्णय या शब्दांवरूनच होऊ शकतो.

तथापि उष्णता कोठून येते एवढेच हे शब्द सांगतात. ती किती वर चढवावयाची, हे सांगत नाहीत. ग्राहक फसतो तो नेमका येथे. शून्य अंशावरील उष्णता ३५ अंशांपर्यंत चढविताना विजेच्या एका एककामागे तत्त्वतः फार तर ८.८ एकके मिळतील. ५५ अंशांपर्यंत चढविताना सहाहूनही कमी. प्रत्यक्ष यंत्रे याच्या सुमारे निम्मे गाठतात. फरशीखाली नळ्या असलेल्या नव्या घरास ३५ अंशांचे पाणी पुरते; जुन्या घरातील लहान रेडिएटरांना मात्र ५५ अंश लागतात. म्हणजे एकच यंत्र एका घरी काटकसरीचे, तर दुसऱ्या घरी खर्चिक ठरते. माहितीपत्रकात ठळकपणे छापलेला आकडा बहुधा ३५ अंशांचा असतो, आणि जुन्या घराचा मालक तोच आपला समजतो. त्यात ‘४५० टक्के कार्यक्षमता’ अशी भाषा वापरली की गोंधळ पुरा होतो! कार्यक्षमता शंभराच्या वर जात नाही. येथे वीज मुख्यतः उष्णता वाहून आणण्याचे काम करते, म्हणून त्या आकड्यास गुणांकच म्हटले पाहिजे.

मराठीत ‘उपसा’ हा शब्द तयार आहे. विहिरीवरचा माणूस पाणी किती आहे हे पाहतो, तसेच ते किती उंच चढवावयाचे हेही विचारतो. ‘भूताप-उपसा’ ही संज्ञा कानाला जराशी शेतकी वाटेल. परंतु यंत्राचे काम आणि खर्चाचे कारण ही दोन्ही तीत आहेत. युरोपीय संघात २०१५ पासून अशा यंत्रांच्या ऊर्जापट्टीवर ३५ आणि ५५ अंशांच्या श्रेणी वेगवेगळ्या छापाव्या लागतात. यंत्राच्या प्रचलित नावात मात्र त्या उंचीचा मागमूस नाही.