तल्लीनता आणि योग

अतिचंचल किंवा स्वमग्न मूल आवडीच्या कामात तासन्‌तास गढून जाते. ही पतंजलींची समाधीच होय, असे विधान अलीकडे कानी पडते. एरवी 'वेंधळा' म्हणून हिणवल्या जाणाऱ्या मुलाला ते मान देते, हा त्याचा गुण. पण ते कसोटीला कितपत उतरते?

एडीएचडी असलेल्या मुलाजवळ अवधान नसते असे नाही. ते हवे तेव्हा हवे तेथे वळवणे त्याला जड जाते. स्वमग्नतेत अवधान एका वेळी थोड्याच विषयांत एकवटते, असा विचार डायना मरे व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडला. म्हणजे तल्लीनता खरी आहे. प्रश्न तिच्या नावाचा आहे.

व्यासभाष्यात चित्ताच्या क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र व निरुद्ध अशा पाच भूमी सांगितल्या आहेत. समाधी हा सर्वच भूमींवर आढळणारा चित्तधर्म आहे. मात्र विक्षिप्त चित्तातील समाधी योगात धरू नये, असे भाष्यकारच बजावतो. शिवाय सूत्रांनी अभ्यास व वैराग्य ही दोन साधने जोडीने सांगितली आहेत. विषय धरणे आणि सोडणे, दोन्ही साधायचे आहे. घंटा झाली तरी चित्र सोडू न शकणाऱ्या, भूक विसरणाऱ्या मुलाची अडचण नेमकी सोडण्याची आहे. तिला समाधी म्हटले की ती अडचण नजरेआड होते.

मग योगाचा उपयोग नाही का? स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापले आणि 'योगमीमांसा' सुरू केले. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब त्यांनी मोजला. तो बाहेरच्या हवेहून कमी भरला आणि बस्तीत पाणी आत कसे शिरते हे उलगडले. अनुभव मानायचा, स्पष्टीकरण तपासायचे, ही त्यांची रीत. एडीएचडीवरील ध्यानोपचारांचा कॉक्रेन आढावा २०१० मध्ये निघाला, तेव्हा निकषांत चारच चाचण्या बसल्या व ठाम निष्कर्ष काढता आला नाही. तेव्हा ध्यान हा उपचार आहे असे पालकांना सांगणे योग्य नव्हे.

आंबवड्यासारख्या गावातील शिक्षकाला मात्र बरेच करता येईल. काम थांबवण्याआधी पाच मिनिटे सूचना द्यावी, अर्धे राहिलेले काम जपून ठेवू द्यावे, आणि मुलाच्या आवडीतूनच गणिताकडे वाट काढावी. गरज वाटल्यास तज्ज्ञांकडे पाठवावे. यासाठी मुलाला योगी ठरवण्याची गरज नाही, की रोगी ठरवण्याचीही.