‘फिरंगी’ आणि ‘लातिनी’ : एका अर्थटीपेची चिकित्सा

जुनें मराठी पत्र छापतांना ‘फिरंगी’ शब्द आला कीं खालीं ‘यूरोपियन लोक’ अशी टीप देऊन मोकळें व्हावयाचें, ही कांहीं संग्राहकांची रीत आम्हांस घातक वाटते.

या शब्दाचा माग लातिनी लोकांपर्यंत पोहोंचतो. लातिनी म्हणजे मूळचे रोमजवळील लातियम प्रांताचे रहिवासी. पुढें रोमन कायद्यांत ‘लातिनी’ हा पूर्ण नागरिकत्वाहून कमी असा दर्जा ठरला, व तो लातियमशीं संबंध नसलेल्या परक्या नगरांसही मिळूं लागला. इ. स. १२०४ त कॉन्स्टँटिनोपल जिंकणाऱ्या पश्चिमी ख्रिस्त्यांस ग्रीक लोक लातिनी म्हणत, तें त्यांच्या उपासनेच्या भाषेवरून. त्याच लोकांस अरबांनीं फ्रँक जातीवरून ‘इफ्रंज’ म्हटलें. तोच शब्द फारसींतून ‘फिरंगी’ होऊन आपल्याकडे आला. संस्कृतज्ञांस यांत नवल नाहीं. आयोनियाच्या ग्रीकांचा ‘यवन’ पुढें मुसलमानांस लागलाच कीं!

मराठी दप्तरांत मात्र शब्दाची व्याप्ति आखडली. आज्ञापत्रांत फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस हे निरनिराळे गणिले असून सर्वांचें सामान्य नांव ‘टोपीकर’ आहे. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेंतील फिरंगी तो पोर्तुगीजच. तेथें ‘यूरोपियन’ अशी टीप दिली, तर ज्या मुंबईकर इंग्रजाशीं चिमाजीअप्पांनीं १७३९ त तह केला, तोही वाचकाच्या मनांत वसईच्या तटावर जाऊन उभा राहतो.

पोर्तुगीज भाषेनें व पंथानें लातिनी; म्हणून ‘फिरंगी म्हणजे लातिनी’ असें समीकरण मांडावें, तर तेंही टिकत नाहीं. १६१६ चें ख्रिस्तपुराण रचणारा थॉमस स्टीफन्स जन्मानें इंग्रज, पंथानें लातिनी आणि त्या ग्रंथाच्या भाषेनें मराठी. केरळांतील ‘लातिनी कॅथलिक’ समाज सिरियन ख्रिस्त्यांहून वेगळा ओळखला जातो, तो उपासनापद्धतीमुळें. वंशानें तो तेथलाच. बुसीचें उदाहरण आमच्या भूमकडील संग्राहकांस अधिक जवळचें. १७५१ पासून कांहीं वर्षें निजामाच्या दरबारीं वजन राखून असलेला हा सरदार दोन्ही अंगांनीं लातिनीच. परंतु मराठी पत्रांत त्याचे लोक सामान्यतः ‘फरासीस’. फारसी लेखांत तर ‘फिरंगी’ शब्द बहुधा यूरोपांतील कोणासही लागतो. जुन्या निजामी मुलखांत दोन्ही भाषांचे कागद एकाच रुमालांत बांधलेले सांपडतात. तेथें एका कागदाची टीप उचलून दुसऱ्याखालीं लावणें चालावयाचें नाहीं.